पोटरीचं गोंदण गळ्यावर

परत आल्यापासून जो तो विचारतो, "नाशिकला गेलीस, मग पंचवटी पाहिलीस? गंगेवर गेलीस?" नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात हे मला तिथे गेल्यावर कळलं, आणि ती मी पाहिली ती पुलावरून जाणाऱ्या बसच्या खिडकीतून. मी गेले होते एका मुलीची मान पाहायला. असं सांगितलं की विचारणारे गप्प होतात, म्हणून आता सगळं लिहूनच काढते. बोलण्यापेक्षा मला ते सोपं जातं.

मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात, भाजलेल्यांच्या वॉर्डात मी फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्या प्लॅस्टिक सर्जन सरांचं एक संशोधन चालू आहे. भाजलेल्या जागी अंगाच्या दुसऱ्या भागाची कातडी लावली की बहुतेक वेळा ती जगते, पण नंतर आकसते. गळ्यावरची आकसली तर हनुवटी पुन्हा खाली ओढली जाते आणि केलेलं सगळं वाया जातं. पातळ कातडीपेक्षा जाड कातडी लावली तर ती कमी आकसते का, हे सरांना पाहायचं आहे. ते ऑपरेशनच्या टेबलावर कळत नाही. काही वर्षांनी पेशंटच्या घरी जाऊन पाहावं लागतं.

मंजी ही त्यांतलीच एक पेशंट, नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यातली. रॉकेलची चिमणी अंगावर उलटून गळा, छाती आणि मांड्या भाजल्या होत्या. जखमा भरल्या तेव्हा हनुवटी छातीला चिकटून बसली होती. फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघण्यासाठी सगळं अंगच मागे झुकवून उभी आहे. सरांनी गळा मोकळा केला. मांड्या भाजलेल्या, म्हणून उजव्या पोटरीची जाड कातडी घ्यायची ठरली, आणि पोटरीवर तर गोंदण. सरांनी तिच्या आईला विचारलं. आई म्हणाली, "घ्या की. तिचंच हाय, तिच्याच अंगावर ऱ्हाईल." अशा रीतीने पोटरीचे हिरवे-निळे ठिपके गळ्यावर आले.

घरी सोडताना सरांनी एक युक्ती केली. जुनी एक्स-रे फिल्म धुऊन पारदर्शक करतात, तशी एक फिल्म तिच्या गळ्यावर ठेवली आणि शाईने सगळे ठिपके उतरवून घेतले. पुढे कधीही तीच फिल्म पुन्हा गळ्यावर ठेवायची. ठिपके एकमेकांच्या जवळ आलेले दिसले, तर कातडी आकसली.

पण मंजी पुन्हा आलीच नाही. पत्रांना उत्तर नाही. मी नोकरीला लागले त्याआधीची ही गोष्ट, त्यामुळे मी तिला फक्त फोटोत पाहिलं होतं. निघताना सर म्हणाले, "मान आखडली असेल तर तिला सोबतच घेऊन ये. खाट ठेवतो. जितका उशीर, तितकं अवघड." फिल्म पुठ्ठ्याच्या नळकांड्यात घालून त्यांनी माझ्या हातात दिली. कुणाला नुसतं समोसे खायला कॅन्टीनमध्ये घेऊन जाताना मला संकोच वाटतो, आणि आता मला एका मुलीला ऑपरेशनला घेऊन यायचं होतं.

नाशिक

सिंधू सिस्टर मला न्यायला स्टँडवर आल्या होत्या. मंजीला मुंबईला पाठवण्यापूर्वी ती नाशिकच्या दवाखान्यात त्यांच्याच वॉर्डात होती, म्हणून सरांनी मला त्यांच्या हवाली केलं होतं. त्यांनी आधी माझ्या कार्डिगनकडे पाहिलं.

"हे एवढंच? जानेवारीत? तुमच्या इंग्लिश मिडियममध्ये थंडी शिकवत नाहीत वाटतं."

मी हसले. कार्डिगनची सगळी बटणं लावून घेतली.

नाशिकची थंडी खरीच वेगळी. मुंबईत आम्ही जिला थंडी म्हणतो ती इथे पंखा बंद करण्यापुरती. सिस्टरचं घर एका कॉलनीत, दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्धाचं चित्र, त्याखाली अभ्यास करणाऱ्या दोन मुली. मुलींचं अर्धं लक्ष भिंतीपलीकडे, कारण एशियाडच्या वेळी शेजाऱ्यांकडे रंगीत टीव्ही आला होता आणि त्याचा आवाज इकडे फुकट ऐकू येत होता. सिस्टरचे मिस्टर ओझरच्या विमानाच्या कारखान्यात. त्यांनी कारखान्याचा जाड खाकी कोट माझ्या खांद्यावर टाकला. तो मी पुढचे सगळे दिवस अंगावरून काढला नाही.

जेवायला बाजरीची भाकरी, मेथीची भाजी आणि डोळ्यांत पाणी आणणारी लसणाची चटणी. अनोळखी घरात मी लवकर "पुरे" म्हणते.

"पुरे कुणाला म्हणतेस, नंदिनी? अजून वाढलंच नाही," सिस्टर म्हणाल्या. मग भाकरी मोडता मोडता, "ती मंजी माझ्याशी भांडायची. हनुवटी छातीला, बोलताना लाळ गळतेय, पण भांडण सोडायची नाही. मुंबईहून परत पाठवली तेव्हा मी सांगितलं, गळ्याचा पट्टा सहा महिने काढायचा नाही, काढलास तर बघ."

"मग आली का नाही पुन्हा?"

"तेच तर विचारायचंय तिला."

आमच्या घरी जेवताना असं कुणी पेशंटविषयी बोललेलं चाललं नसतं. इथे धाकट्या मुलीने विचारलं, "मग तिची मान सरळ झाली?" आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, उद्या पाहू.

सुरगाणा

सुरगाण्यापर्यंत एसटी, पुढे जीप. जीपमध्ये किती माणसं मावतात याला तिथे नियम नाही, निघायची घाई कुणाला आहे यावर ते ठरतं. मी पुढे ड्रायव्हरजवळ, सिस्टर माझ्याशेजारी, त्यांच्यापलीकडे एक म्हातारा आणि त्याची कोंबडी. ड्रायव्हर दर वळणावर म्हणे, "बाई, पाय तिकडं, गिअर टाकायचाय." माझ्या मांडीवरचं नळकांडं बघून म्हाताऱ्याने विचारलं, "बासरी हाय का?" सिस्टर म्हणाल्या, "नाही, मानेचा नकाशा." त्याने समजल्यासारखी मान हलवली आणि उतरताना बरोबर नळकांड्यावरच हात टेकला. पुठ्ठा चेपला. मी घाईने उघडून पाहिलं. फिल्मला एक सुरकुती पडली होती, ठिपके शाबूत होते. माझा चेहरा बघून ड्रायव्हरने पुढचा अर्धा रस्ता सावकाश नेला.

डोंगर त्या दिवसांत पिवळे पडलेले असतात. भाताची खाचरं कापून रिकामी. शेवटचा चढ आम्ही चालत गेलो. मंजीच्या पाड्यावर कारवीच्या कुडाची, शेणाने सारवलेली स्वच्छ घरं होती आणि बहुतेक दारं बाहेरून लाकूड लावून बंद. मला वाटलं कुठे लग्न असेल, सगळे तिकडे गेले असतील. एका ओट्यावर भिवरीबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई सूप घेऊन बसल्या होत्या. मंजीच्या सासरचं घर त्यांच्या शेजारचंच. मंजीचं लग्न झालंय, तेही त्याच पाड्यावर, हे आम्हाला तिथेच कळलं.

"मंजी? ती गेली जगायला."

मला काही कळेना. सिस्टरनी सांगितलं, नागली, म्हणजे आपली नाचणी, आणि भात घरात आला की इकडची धडधाकट माणसं कामाला खाली उतरतात. त्याला इथे "जगायला जाणं" म्हणतात. मागे राहतात ती म्हातारी माणसं आणि कोंबड्या. आमच्याकडे माणसं सुट्टीला बाहेरगावी जातात.

"कुठे गेली?" सिस्टरनी विचारलं.

"ओझर अंगाला. द्राक्षाच्या बागांत. दोघंबी गेलीत."

म्हणजे आदल्या रात्री मी ज्यांच्या घरी जेवले, ते मिस्टर रोज मंजीच्या जवळून कामावर जात होते, आणि आम्ही तिला शोधायला डोंगर चढून आलो होतो.

भिवरीबाई सगळ्यांनाच अगंतुगं करतात, मलाही. "बस ना, बाई. दमली का?" म्हणत त्यांनी कोरा चहा दिला, नागलीची काळसर भाकरी आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी दिली. त्या भाकरीचा पहिला घास मला मातकट लागला. दुसरी भाकरी मी मागून घेतली, याचं सिस्टरना जास्त आश्चर्य वाटलं.

मी शेवटी विचारलं, "तिची मान वर होते का?"

"मी कुठं बघू? गळ्याशी पदर धरूनच असती. कोणाला दावत नीही."

सिस्टर आणि मी एकमेकींकडे पाहिलं. मान आखडलेल्या बायका असंच करतात, पदर हनुवटीखाली कोंबून ठेवतात. वॉर्डात मी कितीदा पाहिलंय.

"का दाखवत नाही?" सिस्टरनी विचारलं.

भिवरीबाईंनी स्वतःचं लुगडं थोडं वर करून पोटरी दाखवली. ठिपक्यांच्या ओळी, मध्ये एक चौकट, बारीक नक्षी. "हे पायाचं गोंदण आहा. सगळ्या बायांना ठावं. पायाचं कोणी गळ्यात घालतं का? वहाण डोक्यावर घेतल्यावानी. बाजारात बाया हसत होत्या तिला."

"पण ती बरी झाली त्याने," मी म्हटलं. माझा आवाज मलाच शाळेतल्या बाईंसारखा वाटला.

"झाली असंल. पण बघ, मेल्यावर सोनं-नाणं हितंच ऱ्हातं. पोरं काढून घेतात. संगं येतं ते गोंदण. मग पायाचं गळ्यात बघून तिकडं काय म्हणतील?"

"म्हणतील, हिला मुंबईचा डॉक्टर भेटला होता," सिस्टर म्हणाल्या.

भिवरीबाई इतक्या हसल्या की सुपातले दाणे सांडले. मग त्यांनी पाड्यावरची माणसं कामाला नेणाऱ्या मुकादमाचं नाव सांगितलं आणि आम्ही परतीची जीप पकडायला उतरलो. उतारावर मी मनात जुळवाजुळव करत होते. पदर धरून असते, म्हणजे आखडली असणार. लग्न झालंय, हंगाम चालू आहे; तिला मुंबईला चल असं सांगायचं कसं? वाक्य इंग्रजीत सहज तयार झालं, मराठीत होईना.

ओझरच्या अलीकडे

मिस्टरांच्या खात्यातला एक जण बागायतदारांच्या घरचा निघाला. त्याने मुकादमाचं नाव ऐकताच कुठल्या बागेत त्याची माणसं आहेत ते सांगितलं. सकाळी एसटीने आम्ही दोघी गेलो. हायवे सोडून आत वळलं की हवा बदलते. ओल्या मातीचा आणि फवारणीच्या औषधाचा मिळून एक वास. वरून विमान गेलं तेव्हा फक्त मीच मान वर केली.

बागेत शिरल्यावर मात्र सगळ्यांच्याच माना वर होत्या.

द्राक्षाचे वेल तिथे तारांच्या मांडवावर चढवलेले असतात, डोक्याच्या जरा वर. हिरवे घड खाली लोंबतात. मण्यांची दाटी झाली तर ते फुगत नाहीत, म्हणून छोट्या कात्रीने मधले मणी काढून टाकायचे. याला विरळणी म्हणतात. बायकांची एक रांग मांडवाखाली उभी होती, हात वर, तोंड वर, हनुवट्या आभाळाकडे. सकाळी सुरू करतात ते ऊन उतरेपर्यंत.

वॉर्डात गळ्यावर कातडी लावलेल्या मुलांनी वर बघावं म्हणून मी छताजवळ सिनेमाची चित्रं चिकटवते. मुलं दोन दिवस बघतात, मग कंटाळतात. त्या रांगेकडे बघताना मला पुढे पाऊलच टाकवेना. यातली एक मंजी होती आणि कुठली ते ओळखता येत नव्हतं.

"मंजे!" सिस्टर ओरडल्या.

एक मुलगी दचकली, आमच्याकडे वळली, आणि पहिली गोष्ट तिने केली ती ही, की पदर ओढून गळ्याशी घट्ट धरला. दुसरी गोष्ट, ती मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागली.

"पळतेस कुठं? मी आता पळू शकत नाही, तेवढं तरी बघ!"

मंजी थांबली. "सिस्टर, पट्टा उंदरांनी खाल्ला," तिथूनच ती म्हणाली.

"काय?"

"पट्टा. गळ्याचा. उंदरांनी कुरतडला. तू म्हणली होतीस मारीन. म्हणून आली नाय दवाखान्यात."

सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मारलंच असतं. ये इकडं."

इतकी वर्षं आमची पत्रं कुठल्या भीतीने पडून राहिली होती ते असं कळलं. मंजी जवळ आली, पण पदर सोडेना. माझ्याकडे बोट करून विचारलं, "ही कोण? कापायला आली?"

"मी डॉक्टर नाही," मी म्हटलं. "मी व्यायाम शिकवते." सिस्टरनी माझ्याकडे बघितलं, आणि मग मी खरं तेही सांगितलं. "मान आखडली असेल तर तुम्हाला मुंबईला न्यायला सांगितलंय. नसेल तर नाही."

मांडवाखाली बायकांच्या कात्र्या थांबल्या होत्या. रांगेच्या टोकाला एक तरुण क्रेट उचलता उचलता तसाच उभा राहिला. तो तिचा नवरा, काशिनाथ, हे सिस्टरनी कुजबुजून विचारून घेतलं.

पाण्याच्या टाकीआड, बायकांच्या घोळक्यात, मंजीने पदर सोडला. मी फिल्म काढली, सुरकुती सपाट केली, आणि ती तिच्या गळ्यावर ठेवली. काहीच जुळेना. फिल्मवर जिथे मोकळी जागा, तिथे गळ्यावर ठिपके. दाट, एकाला एक लागून. सगळी कातडी गोळा होऊन आली असावी तसे.

"काय झालं?" सिस्टरनी विचारलं. मी फिल्म पुन्हा ठेवली, उलटी करून पाहिली. मंजी माझ्या चेहऱ्याकडे बघत होती आणि तिचाही चेहरा उतरत चालला होता.

"हे आधी इतके होते?" मी विचारलं.

"नाय," मंजी म्हणाली. "बाया हसायच्या, पायाचं गळ्यात म्हणून. मग नवरा म्हणला, हार करून घे. पायाचं दिसायचं नाय. बाजारात गोंदणारीण आली होती, तिच्याकडून मधले भरून घेतले."

लावलेल्या कातडीवर, बाजारात, सुयांनी. सर ऐकतील तेव्हा त्यांचं काय होईल हे डोळ्यांसमोर आलं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "दुखलं का?"

"लय दुखलं! डोळ्यांतून पाणी."

मी हसले. स्वतःला आवरायच्या आतच हसले. लावलेल्या कातडीला सुरुवातीला काहीच कळत नसतं, पुढे तिच्यात संवेदना येईल की नाही याची खात्री नसते. हिला सुई लय दुखली होती.

"दुखलं तर हसती काय ही?" मंजीने सिस्टरना विचारलं. "अशी कशी बाई आणलीस?"

"शिकलेली आहे," सिस्टर म्हणाल्या. बायका खो खो हसल्या. मी लाल झाले, पण हसू जाईना.

तरी प्रश्न होताच. जुने ठिपके कुठले आणि नवे कुठले? हिरवट-निळसर सगळे सारखेच दिसत होते. मंजी वैतागून खाली बसली, कामासाठी खोचलेलं लुगडं गुडघ्यापर्यंत होतं, आणि मला तिची डावी पोटरी दिसली. दोन्ही पायांवर गोंदण सारखंच काढतात. उजवीचं गळ्यावर गेलं, डावीचं जागेवरच होतं. ओळी, मध्ये चौकट, कडेची नक्षी.

मी तिथेच मातीत बसले. डाव्या पोटरीवरची नक्षी वाचायची आणि गळ्यावर तीच शोधून जुन्या ठिपक्यांवर निळ्या पेनने खूण करायची. बायकांनी यात भाग घेतला नसता तर नवलच. "अगं तो नाय, त्याच्या खालचा." "चौकटीचा कोपरा सुटला बघ." "हळू, गुदगुल्या होत्यात तिला." अनोळखी माणसांच्या इतक्या जवळ मी याआधी कधी बसले नसेन.

मग फिल्म पुन्हा ठेवली. शाईचे ठिपके पेनच्या खुणांवर बसले. कडेचे एक-दोन केसभर सरकले होते, बाकीचे जिथल्या तिथे. मी मंजीला मान मागे न्यायला सांगितली. तिने नेली, आणि मी "पुरे" म्हणेपर्यंत नेतच राहिली.

जाड कातडीमुळे की मांडवामुळे, हे मला सांगता येणार नाही. सर पुरावा मागतील, आणि हंगामभर द्राक्षांखाली उभं राहण्याची आमच्या तक्त्यात कुठे जागा नाही. मी दोन्ही लिहून दिलं आहे.

"चांगली आहे मान," मी म्हटलं. मराठीत, अगदी सहज. "मुंबईला यायची गरज नाही."

मंजीचा माझ्यावर विश्वास नव्हता. तिने सिस्टरकडे पाहिलं. "कापायचं नाय?"

"नाय."

"पुन्हा पट्टा?"

"नाय गं बाई. उंदरांची सोय बंद."

मंजी उठली, लुगडं झटकलं, आणि मांडवाच्या टोकाकडे तोंड करून ओरडली, "ए! मला न्यायची नाय!"

काशिनाथ अजून तिथेच उभा होता. हातातलं क्रेट त्याने खाली ठेवलं, डोक्यावरचा रुमाल काढून तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मग तिकडून त्याचा आवाज आला, "मग कामाला ये की! दोन ओळी ऱ्हायल्यात!"

बायकांनी त्याला एकसुरात शिव्या घातल्या. मंजीने कात्री उचलली आणि गेली. पदर तिने गळ्याशी धरला नव्हता. कमरेला खोचला होता.